वाचायला अवघड जातं, पण हातात कला आहे? मग धंदा असा उभा करा



आज असा विषय घेतोय, ज्यावर धंद्याच्या ट्रेनिंगमध्ये फारसं कोणी बोलत नाही. पण मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात दर दोन-चार गल्ल्यांमध्ये असा एकतरी माणूस सापडतो. ब्लाउज असा शिवतो की माप बघावं लागत नाही. गणपतीचे डोळे रंगवतो तर माणसं थांबून बघतात. पण समोर फॉर्म आला की म्हणतो, "चष्मा घरी राहिला." शाळेत त्याला ‘ढ’ म्हटलेलं असतं. आता वय पस्तीस झालं, तरी तो शब्द गेलेला नसतो. मग तो आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात मजुरी करत राहतो, कारण त्याला वाटतं, "धंदा म्हणजे लिहा-वाचायचं काम, ते आपलं नाही."

हा लेख त्याच्यासाठी आहे. तुम्हीच तो माणूस असाल, तर लेख वाचत बसू नका. फोनला मोठ्यानं वाचायला लावा, किंवा घरात कोणालातरी वाचून दाखवायला सांगा. घाई नाही, दोन-तीन बैठकांत ऐका.

आधी हे समजून घ्या: हा काय प्रकार आहे?

बुद्धी चांगली आहे, डोळे-कान ठीक आहेत, शाळेतही गेलाय, तरी अक्षरं, स्पेलिंग किंवा आकडे पक्के बसत नाहीत. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लिहिण्याची डिसग्राफिया, आकड्यांची डिसकॅल्क्युलिया. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला आणि ईशान अवस्थीमुळे हे नाव घराघरात पोचलं. पण सिनेमात मूल आठ-नऊ वर्षांचं होतं. ते मूल मोठं होऊन पोट कसं भरतं, हा प्रश्न आपला आहे.

कायद्यानंही हे मान्य केलंय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये एकूण २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. म्हणजे हा आळस नाही, हट्ट नाही आणि कोणाचा शाप तर नाहीच.

आपल्या भाषेतले खड्डे वेगळे आहेत, तेही ओळखून ठेवा. मराठीत ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ येतो, पण लिहिताना वेलांटी आधी. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ हे जुळ्या भावांसारखे दिसतात. वर जोडाक्षरं आणि रफार.

आकड्यांचं तर विचारूच नका. ‘चौतीस’ म्हणताना चार आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र तीन आधी. म्हणून ३४ ची कमर वहीत ४३ होऊन बसते. आणि दोन्ही मापं खरी असू शकतात, त्यामुळे कापड कापेपर्यंत चूक कळत नाही! २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं म्हणायची पद्धत दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. पण पद्धत आणण्यामागची अडचण खरी होती. जे साध्या मुलांना जड जातं, ते डिस्लेक्सिया असलेल्याला दुप्पट जड जातं.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. आपल्या तालुक्यात बंजारा तांडे भरपूर आहेत. घरी गोरबोली आणि शाळेत मराठी, अशी ज्याची सुरुवात झाली, त्याचं वाचन मागे पडण्याचं कारण भाषेचा फरकही असू शकतो. वाचता न येणारा प्रत्येक जण डिस्लेक्सियाचा नसतो. म्हणून स्वतःवर शिक्का मारू नका. तपासणी तज्ज्ञांकडूनच करून घ्या. पण पुढे सांगतोय त्या धंद्याच्या पद्धती मात्र दोघांनाही सारख्याच उपयोगी आहेत.

बोमन इराणी: वेफर्सच्या काउंटरवरून पडद्यापर्यंत

मोठ्या माणसाचं उदाहरण दिलं की लोक म्हणतात, "ते मोठे, आपलं काय?" पण हे उदाहरण ऐकाच, कारण यातली बरीच वर्षं एका छोट्या दुकानात गेलेली आहेत.

अभिनेते बोमन इराणी यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की लहानपणी त्यांना डिस्लेक्सिया होता, बोलतानाही जीभ अडखळायची. जन्माआधीच वडील गेलेले. आई मुंबईत ग्रँट रोडला वेफर्स-बेकरीचं दुकान चालवायची. त्यांनी कॉलेजनंतर ताजमहाल हॉटेलात वेटर म्हणून, रूम सर्व्हिसमध्ये काम केलं. मग घरची गरज आली आणि ते दुकानात बसले. एक-दोन वर्षं नाही, जवळपास चौदा वर्षं!

मग कॅमेरा. शाळांच्या क्रिकेट-फुटबॉलच्या मॅचेसचे फोटो काढायचे आणि थोड्या थोड्या पैशांत विकायचे. तिथून व्यावसायिक फोटोग्राफी. पुढे शामक दावर यांनी त्यांना नाटकाकडे ढकललं. इंग्रजी नाटक ‘आय अ‍ॅम नॉट बाजीराव’मध्ये आपले सुधीर जोशी आणि बोमन इराणी एकत्र होते. ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ आला डिसेंबर २००३ मध्ये, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती. आणि गंमत बघा, २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये मार्कांवरून माणूस मोजणारा प्राचार्य ‘व्हायरस’ कोणी केला? याच माणसानं.

यातून धंद्यासाठी तीन गोष्टी घ्या.

१. दुकानाची वर्षं वाया गेली नाहीत. काउंटरमागे बसून हजारो माणसं बघितली. माणसाची चाल, बोली, राग, लाज. अभिनेत्याचं भांडवल तिथे जमा झालं. तुम्ही आज दुसऱ्याच्या दुकानात काम करत असाल, तर गिऱ्हाईक काय मागतं, कुठे किंमत करतं, कशावर खूश होतं, हे डोळ्यांनी आणि कानांनी जमवा. त्याला वाचावं लागत नाही.

२. पहिली विक्री लहान होती. मोठा स्टुडिओ काढून सुरुवात केली नाही. एक मॅच, काही फोटो, थोडे पैसे.

३. एक कला दुसरीकडे घेऊन गेली. पहिल्याच कामात नशीब उघडलं पाहिजे असा हट्ट धरू नका.

जगातले दोन दुकानदार आणि त्यांच्या दोन युक्त्या

स्वीडनचे इंग्वार काम्प्राड. १९४३ साली, किशोरवयातच, त्यांनी ‘आयकिया’ सुरू केली. त्यांना डिस्लेक्सिया होता आणि मालाचे कोड नंबर लक्षात राहायचे नाहीत. मग त्यांनी फर्निचरला नंबरांऐवजी नावं दिली. सोफ्याला गावाचं नाव, कशाला माणसाचं नाव. आज जगभर तीच त्या कंपनीची ओळख आहे. स्वतःच्या अडचणीवर काढलेला उपाय ब्रँड होऊन बसला!

तुम्ही काय कराल? "डिझाइन नंबर १७-ब" असं ठेवू नका. ‘पळस’, ‘काजवा’, ‘मोहर’, ‘चांदणी’ अशी नावं द्या. तुम्हाला लक्षात राहतील आणि गिऱ्हाईकही म्हणेल, "ताई, मला ते पळसवालं ब्लाउज पाहिजे."

दुसरे अमेरिकेचे पॉल ऑर्फेलिया. शाळेत दुसरीतच नापास. १९७० मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात विद्यापीठाशेजारी ‘किंकोज’ नावाचं झेरॉक्सचं दुकान काढलं. दुकान एवढं लहान की मशीन ढकलून फुटपाथवर आणायला लागायचं. दुकानं वाढली तशी कागदपत्रं त्यांनी दुसऱ्यांवर सोपवली आणि स्वतः दुकानादुकानात फिरून काय चाललंय ते बघत राहिले. पुढे ती साखळी फेडेक्सनं विकत घेतली.

लंडनच्या कास बिझनेस स्कूलच्या ज्यूली लोगन यांनी २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या उद्योजकांना विचारलं, तर जवळपास ३५ टक्के लोकांनी आपल्याला डिस्लेक्सियाची लक्षणं असल्याचं सांगितलं. पण थांबा. हा आकडा ऐकून "डिस्लेक्सिया म्हणजे वरदान" असं समजू नका. हे लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं आहे, आणि ज्यांचा धंदा बुडाला त्यांना कोणी विचारत नाही. यातून घ्यायचं एवढंच की असे लोक कामं वाटून द्यायला आणि तोंडी समजावून सांगायला लवकर शिकतात. आणि ते शिकता येतं.

आपल्या मातीतलं उदाहरण: न लिहिता टिकलेली कला

पोहरादेवी आपल्याच मानोरा तालुक्यात. रामनवमीला लाखो बंजारा बांधव येतात, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटनही झालं. आता बायांच्या अंगावरची फेटिया आणि कांचळी बघा. आरसे, कवड्या, रंगीत दोरे, चौकोन-त्रिकोणांची घट्ट नक्षी. हे ज्ञान कोणत्या पुस्तकातून आलं? कुठल्याच नाही. आजीच्या हातातून आईच्या हातात, आईच्या हातातून मुलीच्या.

याच कलेचा बाजार कसा होतो ते कर्नाटकात दिसतं. बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय. जुलै २०२३ मध्ये हंपीत जी-२० ची बैठक झाली, तेव्हा १,७५५ लंबाणी वस्तूंच्या प्रदर्शनाची गिनीज बुकात नोंद झाली. तिथल्या बाया संस्थेत एकत्र येऊन काम करतात. एकीनं टाके घालायचे, दुसरीनं ऑर्डर आणि हिशोब बघायचा. प्रत्येकीला सगळं यायलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे बचत गट आहेतच, मग ही वाटणी आपल्याला का जमू नये?

धंदा निवडताना: अक्षरं कुठे येतात ते बघा

कुठल्याही कामाला हो म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: या कामात वाचणं-लिहिणं नेमकं कुठल्या पायरीवर येतं?

- शिवणकाम, भरतकाम: कला हातात. खड्डा मापाच्या वहीत.
- मेहंदी, रांगोळी, मंडप सजावट, मूर्ती: अक्षरं फार कमी. खड्डा तारखा आणि अ‍ॅडव्हान्समध्ये.
- केक: खड्डा केकवरच्या नावात आणि साहित्याच्या प्रमाणात.
- फोटोग्राफी: खड्डा अल्बमची नावं आणि डिलिव्हरीच्या तारखांमध्ये.
- बोर्ड, बॅनर, लग्नपत्रिका: इथे अक्षर हाच माल आहे. करू नका असं म्हणत नाही. पण तपासणारा दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून पाहिजे. पत्रिकेवर नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं तर छपाईचे पैसे जातातच, शिवाय गावभर चर्चा होते.

खड्डा कुठे आहे ते कळलं की बुजवता येतो. कसा, ते आता बघू.

खड्डे बुजवायच्या सात पद्धती

१. माप बोलून घ्या, अंक सुटे म्हणा. ‘चौतीस’ म्हणू नका, ‘तीन-चार’ म्हणा. गिऱ्हाईकासमोर माप मोठ्यानं बोला आणि फोनवर रेकॉर्ड करा. वहीत शब्दांऐवजी ब्लाउजचं चित्र काढून त्यावर त्या-त्या जागी आकडा टाका. अशा चित्राच्या शंभर झेरॉक्स काढून ठेवा.

२. नाव कधीही स्वतः टाइप करू नका. केक असो की बोर्ड, गिऱ्हाईकाला सांगा, "नाव व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा." ते कॉपी-पेस्ट करा. मग तयार डिझाइनचा फोटो पाठवून ‘बरोबर’ असं उत्तर आल्यावरच पुढचं काम. म्हणजे जबाबदारीही वाटली जाते.

३. फोनला कामाला लावा. मराठी व्हॉइस टायपिंग आहे. गुगल लेन्सनं कागदाचा फोटो घेतला की मजकूर ऐकता येतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये ऑर्डरला रंगीत लेबल लावता येतं, नवीन ऑर्डर, पैसे बाकी, काम पूर्ण. रंग बघितला की काम कळतं. पैसे आले की साउंडबॉक्स मराठीत सांगतो. यातली एकही गोष्ट महाग नाही.

४. भाव एकदाच काढा, तक्ता भिंतीवर लावा. गिऱ्हाईक समोर असताना हिशोब करायला गेलं की गडबड होते आणि माणूस घाबरून कमी सांगतो. घरी शांतपणे, कोणालातरी सोबत घेऊन करा. समजा, एका ब्लाउजच्या भरतकामाला साहित्य १८० रुपये. सहा तासांची मजुरी, तासाला ६० प्रमाणे ३६०. वीज-भाडं-सुई-दोरा ६०. झाले ६००. त्यावर २० टक्के नफा, १२०. भाव ७२०. प्रत्येक डिझाइनचा फोटो आणि खाली भाव. बस! "थोडं कमी करा ना ताई" आलं की तक्त्याकडे बोट दाखवायचं.

५. तारखांसाठी भिंतीवरचं मोठं कॅलेंडर. लिहू नका, कापडाचा तुकडाच त्या तारखेला टाचा. ज्या दिवशी तीन तुकडे झाले, त्या दिवशी चौथी ऑर्डर नाही.

६. लिहिणारा आणि पैसे सांभाळणारा वेगळा. हा मुद्दा नीट ऐका, इथेच माणसं फसतात. हिशोब दुसऱ्यानं लिहावा, पण गल्ला आणि बँकेचा फोन तुमच्याकडे. दर रविवारी त्यानं आठवड्याच्या नोंदी तुम्हाला वाचून दाखवायच्या. भाऊ असो, जावई असो, जिगरी दोस्त असो, कोऱ्या कागदावर सही नाही आणि ओटीपी कोणाला सांगायचा नाही. बँकेत कागद समजला नाही, तर "साहेब, वाचून दाखवा, मग सही करतो," एवढं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मागे रांग असली तरी.

७. लपवू नका, पद्धत म्हणून सांगा. गिऱ्हाईकाला आपली सगळी कहाणी सांगायची गरज नाही. "आमच्याकडे ऑर्डर व्हॉइस मेसेजवर घेतो, म्हणजे चूक होत नाही." झालं. "काऊन बा, वाचता येत नाही का?" असं कोणी विचारलंच, तर हसून सांगा, "वाचायला वेळ लागते भाऊ, शिवायला नाही लागत."

कर्ज आणि योजना: शिक्षणाची अट कुठे आहे, कुठे नाही

बऱ्याच जणांना वाटतं की दहावी नाही म्हणजे सरकारी योजना नाही. हे खरं नाही.

पीएमईजीपी: उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांपर्यंत किंवा सेवेचा ५ लाखांपर्यंत असेल, तर शिक्षणाची अट नाही. त्यापुढे आठवी पास लागतं. ग्रामीण भागात विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे फक्त ५ टक्के. म्हणजे ४ लाखांच्या प्रकल्पाला तुमचे २०,००० आणि अनुदान १,४०,०००. पण अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. तोपर्यंत धंदा चालू पाहिजे. विशेष प्रवर्गात दिव्यांग येतात, तसेच महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसीही येतात. म्हणजे तुम्ही महिला असाल, तर ३५ टक्क्यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्राची वाट बघत बसायची गरज नाही.

पीएम विश्वकर्मा: १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. १८ पारंपरिक व्यवसाय, त्यात शिंपी, सुतार, कुंभार, मूर्तिकार आहेत. भरतकाम वेगळं दिलेलं नाही, हे लक्षात ठेवा. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज.

उद्यम नोंदणी: पूर्णपणे फुकट. कोणी दोन हजार मागत असेल, तर तिथून उठा.

दिव्यांग प्रमाणपत्र: वाशीमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करा. तिथे तपासणीची सोय नसेल, तर अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. लाभासाठी साधारण ४० टक्क्यांची अट असते आणि युडीआयडी कार्ड लागतं. घरात शाळेत जाणारं मूल असेल आणि त्यालाही असाच त्रास असेल, तर त्याची तपासणी आधी करा. बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. तुम्हाला जे मिळालं नाही, ते त्याला वेळेवर मिळू द्या.

योजनांचे नियम बदलत असतात. अर्ज करण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा सेवा केंद्रात ताजी माहिती घ्याच.

या आठवड्याचा होमवर्क

- आपल्या कामातली अक्षरं-आकड्यांची पायरी शोधा. एकच, सगळ्यात जास्त नुकसान करणारी.
- वरच्या सात पद्धतींपैकी एकच उद्यापासून सुरू करा. सातही एकदम नाही.
- पाच डिझाइनना नावं द्या, फोटो काढा, भाव ठरवा.
- हिशोब वाचून दाखवणारा एक माणूस ठरवा आणि त्याला त्याचे पैसे द्या. फुकटचं काम महिनाभरात बंद पडतं.

आणि तुम्हाला वाचायला काही त्रास नसेल, तर तुमच्यासाठीही एक काम आहे. तुमच्या दुकानात हात सोन्यासारखा चालणारा, पण पावती लिहायला टाळणारा कारागीर असेल, तर त्याला चारचौघांत "लिहून दे" म्हणू नका. त्याला मापाच्या चित्राच्या शंभर झेरॉक्स काढून द्या. शंभर-दोनशे रुपयांत काम होतं, आणि कापड वाया जाणं थांबतं ते वेगळंच.

तुम्ही कुठली पद्धत सुरू केली, ते मला नक्की कळवा. लिहायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवा, मी ऐकतो.